टीव्हीचा खर्च कमी केला, पण कोणाच्या वाट्याचा?

घरखर्चाचा हिशोब मांडायला बसले की किराणा, दूध, गॅस, वीजबिल, मुलांच्या शाळेचा खर्च, दवाखाना एवढे डोळ्यांसमोर येते. टीव्हीचा खर्च मात्र हिशोबाच्या वहीत सहसा नसतो. तो कधी दुकानातून, कधी मोबाईलवरून, शंभर-दोनशे करत जातो. गेला म्हणून कोणी हळहळत नाही. आमच्याकडेही वर्षानुवर्षे असेच चालले होते. त्याकडे लक्ष गेले ते रमजानमुळे.

रमजानच्या महिन्यात आमच्या घरी टीव्हीवर कापड टाकलेले असते. अब्बांनी घातलेला हा नियम आम्ही लहानपणापासून पाळत आलो. सेहरी, रोजा, इफ्तार, तरावीह यांतून टीव्हीला वेळही उरत नाही. गेल्या रमजानमध्ये मधेच कंपनीचा निरोप आला की रिचार्ज संपत आले आहे, भरा. अब्बा शिलाई मशीनवर बसल्या-बसल्या म्हणाले, "देखेच नई, तो पैसे कायके?" प्रश्न साधा होता. पण न पाहिलेल्या महिन्याचे पैसे जातात, तर पाहिलेल्या महिन्याचे किती जातात आणि कशासाठी जातात, हा पुढचा प्रश्न त्यातूनच निघाला. ईदनंतर आम्ही सगळे मिळून तो हिशोब करायचे ठरवले.

तेरखेडा हे आमचे गाव. धाराशिव जिल्हा, वाशी तालुका. नवी मुंबईतली वाशी नव्हे, आमची बालाघाटातली. सोलापूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या महामार्गावर येरमाळा ओलांडले की गाव येते. फटाके म्हटले की आसपासच्या चार जिल्ह्यांत तेरखेड्याचे नाव निघते. गावातल्या कितीतरी घरांची चूल याच धंद्यावर आहे. आमच्या घरातही एकाची कमाई रस्त्यावरच्या फटाक्यांच्या दुकानातली आहे. दसरा-दिवाळीच्या आधी जेवायला सवड नसते आणि दिवाळी उलटली की हात रिकामे. अब्बांच्या शिलाईलाही ईद आणि लग्नसराई सोडली तर असेच दिवस. अशा घरात दरमहा ठरलेला खर्च हा खरा जड खर्च असतो. कमाईला हंगाम आहे, पण रिचार्जला हंगाम नाही.

हिशोबाचा आठवडा

आधी वर्षाचा आकडा काढला. छत्रीच्या कनेक्शनचे महिन्याला ३४० रुपये, म्हणजे वर्षाचे ४,०८०. क्रिकेटसाठी मोबाईलवर घेतलेल्या ॲपचे वर्षाला ४९९. मॅचच्या दिवशी, पाहुणे आले की, मुलांच्या सुट्टीत मोबाईलचा दिवसाचा डेटा संपतो. मग छोटे पॅक मारावे लागतात. त्याचे महिन्याला सरासरी ५० धरले तर वर्षाचे ६००. एकूण ५,१७९ रुपये झाले. अम्मींनी आकडा ऐकला आणि नुसते "या अल्लाह!" म्हणाल्या.

मग दुसरी गोष्ट केली, तीच जास्त उपयोगी पडली. टीव्हीशेजारी एक वही आणि दोरीने बांधलेला पेन ठेवला. आठवडाभर ज्याने टीव्ही लावला त्याने चॅनलचे नाव, वेळ आणि पाहणाऱ्याचे नाव लिहायचे. धाकट्याला अजून नीट लिहिता येत नाही, म्हणून त्याने कार्टूनसाठी मांजराचे चित्र काढायचे. आठवड्याने वही उघडली. आमच्या कनेक्शनवर दोनशे तीसच्या आसपास चॅनल होते. घरातल्या सात माणसांनी मिळून पाहिले होते तेरा. त्या तेरापैकी आठ मुळातच विनामूल्य प्रकारचे होते. बातम्यांचे बरेच चॅनल असे असतात. त्यांचे वेगळे पैसे कोणी घेत नाही, पण ते घरापर्यंत आणून देण्याचे घेतात. म्हणजे खऱ्या अर्थाने पैसे मोजून पाहत होतो ते पाच चॅनल.

हे असे का होते, हे थोडे समजून घेतले पाहिजे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, १ फेब्रुवारी २०१९ पासून नवी पद्धत लागू केली. ग्राहकाने आपल्याला हवे तेच चॅनल निवडावे आणि तेवढ्याचेच पैसे द्यावे, हा तिचा हेतू होता. तेव्हा पहिल्या शंभर चॅनलसाठी कनेक्शनचे मूळ शुल्क १३० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून १५३ रुपये ४० पैसे ठरले. मार्च २०२० पासून तेवढ्याच शुल्कात दोनशे चॅनल आले. २०२४ मध्ये ट्रायने या शुल्कावरची मर्यादा उठवली. आता ते प्रत्येक कंपनी आपापले ठरवते. या शुल्काच्या वर प्रत्येक सशुल्क चॅनलची किंमत वेगळी.

कागदावर निवड ग्राहकाची होती. पण आपल्यापैकी किती जणांनी खरोखर एकेक चॅनल निवडला? दुकानदाराने किंवा कंपनीने तयार पॅक सुचवला, आपण हो म्हटले, आणि त्या पॅकमध्ये आपल्या पाच चॅनलसोबत इतर पन्नास चॅनल घरात आले.

फ्री डिश म्हणजे काय

पर्याय शोधताना पहिले नाव आले ते दूरदर्शनच्या फ्री डिशचे. प्रसार भारतीची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने ३३ चॅनलवर सुरू झाली. पुढे तिचे नाव 'डीडी फ्री डिश' झाले. तिला महिन्याचे भाडे नाही, रिचार्ज नाही, ग्राहक क्रमांक नाही. छत्री आणि बॉक्स एकदा विकत घ्यायचा, बस. आज देशातली चार कोटींहून अधिक घरे ती पाहतात, असा अंदाज सांगितला जातो. महामार्गावरचे ढाबे, शेतातली वस्ती, ऊसतोड मजुरांच्या कोप्या इथे दिसणाऱ्या छत्र्यांत फ्री डिशच्या पुष्कळ असतात.

अब्बांना यात नवल वाटले नाही. त्यांच्या तरुणपणी टीव्हीला आणि रेडिओलाही परवाना लागे. त्याची फी टपाल कचेरीत भरावी लागे. ऐंशीच्या दशकात तो परवाना रद्द झाला. तेव्हापासून केबल येईपर्यंत टीव्ही म्हणजे एकदा घेतलेली वस्तू होती. कौलावर ॲन्टेना असायचा, वाऱ्याने फिरला की एकाने वर चढायचे आणि दुसऱ्याने खालून ओरडायचे. ते जुने प्रक्षेपक दूरदर्शनने अलीकडच्या वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद केले. आता फुकट टीव्हीचा रस्ता छत्रीतूनच जातो.

ज्यांना ही सेवा घ्यायची आहे त्यांच्यासाठी आमच्या अनुभवातल्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट छत्रीची. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ पूर्वेला ९३.५ अंशांवर आहे. आमच्या भागातून छत्रीचे तोंड आग्नेयेला, म्हणजे पूर्व आणि दक्षिण यांच्या बरोबर मधे ठेवावे लागते, आणि बरेच वर उचलावे लागते. बसवणाऱ्या पोराने गच्चीवर विचारले, "चाचा, आग्नेय कुठे?" अब्बा म्हणाले, "किबला इकडे, पश्चिमेला. त्याच्याकडे पाठ कर, मग उजव्या खांद्याकडे अर्धा वळ." छत्री पहिल्या झटक्यात लागली. जुनी छत्री तुमच्या मालकीची असेल तर बहुधा तीच फिरवून चालते. नवी घ्यायची गरज नाही.

दुसरी गोष्ट बॉक्सची. सशुल्क कंपनीचा बॉक्स इथे सहसा चालत नाही, वेगळा घ्यावा लागतो. तो घेताना एमपेग-४ प्रकारचा आहे का ते विचारा. जुन्या एमपेग-२ बॉक्सवर सगळे चॅनल दिसत नाहीत आणि मग 'फ्री डिशवर काहीच नाही' असे वाटते. काही नव्या टीव्हींत सॅटेलाइट ट्यूनर आतच असतो. त्यांना बॉक्सही लागत नाही, वायर थेट टीव्हीला जोडता येते. आम्हाला बॉक्स, नवी वायर आणि बसवणाऱ्याची मजुरी मिळून १,४५० रुपये लागले.

तिसरी गोष्ट चॅनल बदलण्याची. फ्री डिशवरची खासगी चॅनलची जागा प्रसार भारती ई-लिलावाने देते. जो चॅनल पैसे भरतो तो येतो, भरायचे थांबवतो तो जातो. मोठ्या कंपन्यांचे हिंदी मनोरंजनाचे चॅनल, म्हणजे स्टार उत्सव, झी अनमोल, सोनी पल, कलर्स रिश्ते, मार्च २०१९ पासून इथून गेले, २०२० मध्ये परत आले आणि एप्रिल २०२२ पासून पुन्हा गेले. म्हणून आज दिसणारा चॅनल उद्या दिसेलच असे नाही. नेहमीचा चॅनल गायब झाला की बॉक्स बिघडला असे समजू नका. मेन्यूत जाऊन सगळे चॅनल पुन्हा शोधायला लावा. गेलेला येणार नाही कदाचित, पण नवे चार सापडतील.

चौथी गोष्ट पावसाची. जोराचा पाऊस आला की चित्र थांबते. पण हे पैसे भरून घेतलेल्या छत्रीतही होतेच.

आणखी एक गोष्ट सशुल्क कनेक्शन ठेवणाऱ्यांसाठी. रमजानला, परीक्षेच्या काळात किंवा ऊसतोडीला बाहेर गेल्यावर टीव्ही बंद राहणार असेल, तर सेवा तात्पुरती थांबवून घेण्याची तरतूद ट्रायच्या नियमांत आहे. आधी विनंती मात्र आपण करावी लागते. कंपनी आपण होऊन सांगत नाही.

काय मिळाले, काय गेले

मिळालेले आधी सांगतो. सह्याद्री मिळाला. खरे तर तो सशुल्क बॉक्सवरही होता, पण इतक्या खालच्या क्रमांकावर की तिथे कोणी जात नव्हते. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले, त्याच घरचा हा मराठी चॅनल. सातच्या मराठी बातम्या अब्बांनी पुन्हा सुरू केल्या. चार माणसे एकाच वेळी ओरडतात अशा बातम्यांपेक्षा त्या त्यांना मानवल्या. मगरिबची नमाज आणि बातम्या यांचे वेळापत्रक हिवाळ्यात छान जुळते. आमच्या दहावीतल्या लेकीला सह्याद्री लॉकडाउनपासून आठवतो. जुलै २०२० मध्ये शाळा बंद असताना त्यावर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' मालिका लागायची. तेव्हा ती पाचवीत होती. फ्री डिशवर इयत्तावार अभ्यासाचे चॅनलही आहेत. तिने विज्ञानाचे काही तास पाहिले आणि मग पुस्तकच बरे म्हणून परत गेली. ठीक आहे, निवड तिची.

डीडी उर्दू मिळाला. १५ ऑगस्ट २००६ ला सुरू झालेला हा चॅनल घरातल्या कोणाला माहीतच नव्हता. आमच्याकडे बोलणे दखनीत, लिहिणे-वाचणे मराठीत, आणि उर्दू मदरशात शिकली तेवढी. मुशायरा लागला की अब्बा मशीन थांबवतात.

क्रिकेट निम्मे मिळाले. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे चित्रण प्रसार भारतीला द्यावेच लागते, असा कायदा २००७ मध्ये झाला. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की हे चित्रण दूरदर्शनने आपल्या प्रक्षेपकांवर आणि फ्री डिशवर दाखवायचे, खासगी केबलवाल्यांमार्फत नाही. त्यामुळे भारतात होणारे भारताचे बरेच सामने आणि विश्वचषकातले भारताचे सामने फ्री डिशवर डीडी स्पोर्ट्सवर पाहता येतात. आयपीएल मात्र नाही. थोरल्या मुलाने आठ दिवस तोंड पाडले. मग तोच म्हणाला की भारताची मॅच मोबाईलच्या सहा इंचांवर पाहण्यापेक्षा टीव्हीवर सगळ्यांबरोबर बरी.

आता गेलेले. धाकट्याचे एक कार्टून गेले, त्याला दुसरे सापडले. आमच्यापैकी एकीचा स्वयंपाकाचा कार्यक्रम गेला. तो यूट्यूबवर आहे आणि एकदाच पाहायचा असतो. पण अम्मींची रात्री साडेआठची मराठी मालिका गेली, ती पूर्णच गेली. फ्री डिशवर मराठी चॅनल आहेत, जुने मराठी चित्रपट भरपूर लागतात, पण ती मालिका सशुल्क चॅनलची होती. आमच्या वहीतली सर्वांत नियमित नोंद तीच होती. सोमवार ते शनिवार, अर्धा तास, अम्मी.

पहिली कात्री कोणावर

आम्हाला या लेखात खरे सांगायचे आहे ते हेच. ईदनंतरच्या त्या मशवऱ्यात सर्वांना विचारले की आपापले काय सोडाल. मुलांनी घासाघीस केली, अब्बांनी अटी घातल्या, आम्ही दोघांनीही थोडी ओढाताण केली. अम्मी मात्र विचारण्याआधीच बोलून मोकळ्या झाल्या, "मेरेकू नक्को बाबा. मेरा क्या है, बंद कर दो." सगळ्यांना हायसे वाटले. एक प्रश्न आपोआप सुटला.

पण आम्ही वही पुढे ओढली. बाकीच्यांनी सोडले ते त्यांच्या पाहण्यातले थोडेसे होते. अम्मींनी सोडले ते त्यांचे एकुलते एक होते. दिवसभरात घरात कोणी न मागता त्यांना मिळणारा अर्धा तास तेवढाच. आणि त्यांचे 'नक्को' आम्ही काही पहिल्यांदा ऐकत नव्हतो. मटणाचा तुकडा कमी पडला की त्यांना नक्को, ईदला कापड कमी पडले की त्यांना नक्को, दवाखान्यात जायचे म्हटले की नक्को. घरात काटकसर सुरू झाली की तिची पहिली कात्री अशाच माणसावर चालते, कारण तिथे विरोध होत नाही. हे एकट्या आमच्या अम्मींचे नाही. वाचणाऱ्या प्रत्येक घरात असे एक माणूस असेल.

इसराफ म्हणजे फिजूलखर्ची. ती टाळण्याची शिकवण आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकली आहे. पण त्याच दीनने घरातल्या माणसांचा हक्क देण्याचीही ताकीद केली आहे. दोनशे चॅनलचे पैसे भरणे फिजूलखर्ची असेल, पण आईचा अर्धा तास काढून घेऊन त्याला काटकसर म्हणणे, हा हिशोब आम्हाला पटेना.

म्हणून आम्ही मधला रस्ता मांडून पाहिला. सशुल्क कनेक्शन ठेवायचे, पण पॅक काढून टाकायचा. फक्त मूळ शुल्क आणि अम्मींचा एकच चॅनल. पॅकमध्ये येणाऱ्या चॅनलची सुटी किंमत १९ रुपयांपर्यंत असू शकते. त्यावर जीएसटी धरून २२ रुपये ४२ पैसे. मूळ शुल्काचे १५३.४० धरून महिन्याचे १७५ रुपये ८२ पैसे, वर्षाचे २,११० च्या घरात. म्हणजे आधीच्या ४,०८० च्या जवळपास निम्मे. हा पर्याय पुष्कळ घरांना उपयोगी पडेल, म्हणून मुद्दाम लिहितो. सगळे सोडायची इच्छा नसेल तर पॅक सोडा आणि चॅनल ठेवा.

आम्ही हे अम्मींपुढे ठेवले. या खेपेला 'नक्को' चालणार नाही, विचार करून सांगा, असेही सांगितले. त्यांनी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी त्यांनी जे सांगितले ते आमच्यापैकी कोणाला सुचले नसते. म्हणाल्या, मालिका मला आवडते, खोटे बोलणार नाही. पण हल्ली चेहरे धूसर दिसतात, मी आवाजावरून ओळखते. एका मालिकेला वर्षाचे दोन हजार घालण्यापेक्षा मला चष्मा करून द्या.

किती दिवसांपासून असे दिसते ते विचारले, तर म्हणाल्या, दोन रमजान झाले. टीव्हीच्या पैशांवर बोलायला बसलो नसतो तर हे आणखी दोन रमजान कळले नसते.

धाराशिवला जाऊन डोळे तपासले. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, तेही कामी आले. चष्म्याला १,१०० रुपये लागले. ते टीव्हीच्या बचतीतून, सर्वांत आधी, असे ठरले. बचतीचा पहिला हक्क सोडणाऱ्याचा, हा नियम तिथेच झाला. अम्मी आता दुपारी फ्री डिशवरचे जुने मराठी चित्रपट पाहतात. रोज नाही, पण आठवड्यातून दोनदा रात्री शेजारच्या मावशींकडे जाऊन आपली मालिकाही पाहतात. मावशींच्या घरी आधीही जाणे-येणे होते, आता ठरलेला वार झाला. परत आल्या की जेवताना सगळी कथा सांगतात, आणि थोरला मुलगा न पाहिलेल्या मालिकेतल्या सासूवर रागावतो.

फुकटाचीही किंमत

फ्री डिशची भलामण करताना एक बाजू झाकून ठेवणे बरे नाही. चॅनलवाल्यांनी लिलावात भरलेले पैसे ते जाहिरातींतून काढतात. त्यामुळे जाहिराती फार. त्यात गुडघ्याचे तेल, आठ दिवसांत वजन, केस उगवणारी जडीबुटी, नशीब उघडणारे लॉकेट अशा जाहिराती अर्धा-अर्धा तास चालतात. मोठ्यांना हसू येते, पण पाच वर्षांच्या मुलाला जाहिरात आणि कार्यक्रम यांतला फरक कळत नाही, आणि सत्तरीतल्या माणसालाही दुखऱ्या गुडघ्यापुढे तो नेहमी कळतोच असे नाही. आमच्याकडे दोन नियम केले. जाहिरात लागली की आवाज बंद. आणि टीव्हीवरच्या नंबरवर घरातल्या कोणी, कोणी म्हणजे कोणीही, फोन करायचा नाही.

दुसरी सावधगिरी मोबाईलची. टीव्हीचे पैसे वाचवून तीच करमणूक मोबाईलवर गेली, तर बचत कुठेच राहत नाही. जुलै २०२४ मध्ये मोठ्या मोबाईल कंपन्यांनी दर वाढवले. रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा २३९ चा पॅक २९९ झाला. घरात तीन मोबाईल असतील तर गुणाकार करून पाहा. शिवाय पैशापेक्षा वेगळी गोष्ट आहे. अब्बा म्हणतात, टीव्ही घराचा असतो, मोबाईल ज्याचा त्याचा. टीव्हीवर काय चालले आहे ते सर्वांना दिसते. नको ते लागले की कोणीतरी रिमोट उचलतो, आवडले की सगळे मिळून हसतात. सात माणसे चार मोबाईलमध्ये चार कोपऱ्यांत बसली तर तो खर्च कोणत्या वहीत लिहायचा? प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वेव्हज' नावाचे ॲपही काढले आहे. पण डेटा आपलाच जळतो, हे तिथेही लक्षात ठेवावे.

शेवटचा ताळमेळ

आता आकड्यांचा ताळमेळ देतो. जुना वर्षाचा खर्च ५,१७९. नव्या सोयीचा एकदाचा खर्च १,४५०. डेटाचे छोटे पॅक पूर्ण थांबले नाहीत, त्याचे वर्षाला ३०० धरले. पहिल्या वर्षी वाचणार ३,४२९ आणि पुढच्या प्रत्येक वर्षी ४,८७९, म्हणजे महिन्याला चारशेच्या आसपास. पहिल्या वर्षातले १,१०० चष्म्याला गेले. उरलेले लेकीच्या दहावीच्या पुस्तकांना आणि दिवाळीनंतरच्या रिकाम्या महिन्यांसाठी ठेवलेल्या डब्यात. रक्कम फार मोठी नाही, हे आम्हालाही कळते. पण ज्या घराची कमाई हंगामी असते, त्या घरात न येणाऱ्या बिलाची किंमत बिलापेक्षा जास्त असते. दुकान बंद असतानाच्या महिन्यात रिचार्ज संपल्याचा निरोप येत नाही, ही बरकतच समजायची.

ज्या भगिनी-बांधवांना हे करून पाहायचे असेल त्यांना एवढेच सांगणे आहे. फ्री डिश घ्या किंवा घेऊ नका, पॅक बदला किंवा ठेवा, तो प्रत्येक घराचा प्रश्न आहे. पण आधी आठवडाभर वही ठेवा. मग सगळ्यांना एकत्र बसवून विचारा, आणि जो सर्वांत लवकर 'मला काही नको' म्हणेल त्याला दुसऱ्यांदा विचारा. दोन दिवस द्या आणि तिसऱ्यांदाही विचारा. टीव्हीचे बिल त्यातून कमी होईल, इन्शाअल्लाह. आणि त्याच्या 'नको'मागे काय दडले आहे, तेही कळेल.